सान क्रिस्तोबाल आणि भोवतालची माया गावं: चार-पाच दिवसांचा प्रवास नीट कसा करावा

कानकूनचा समुद्र आणि चिचेन इत्साचा पिरॅमिड पाहून मेक्सिकोहून परतलेल्या माणसाची समजूत बहुधा अशी होते, की माया लोक होऊन गेले, आता त्यांचे दगड उरलेत. चियापास राज्याच्या डोंगरात पाऊल ठेवलं की ही समजूत पहिल्या तासाभरात गळून पडते. इथे त्सोत्सिल आणि त्सेल्ताल या माया भाषा बाजारात, शेतात, देवळात आणि मोबाइलवर दिवसभर ऐकू येतात. या गावांच्या मधोमध साधारण २,२०० मीटर उंचीवर सान क्रिस्तोबाल दे लास कासास हे स्पॅनिशांनी १५२८ मध्ये वसवलेलं शहर आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना लांबच्या वीकएंडला दोन दिवसांची रजा जोडून इथे सहज जाता येतं. भारतातून येणाऱ्यांनी मेक्सिकोच्या मोठ्या सहलीत ही जागा आवर्जून बसवावी.

एक गोष्ट सुरुवातीलाच आग्रहाने सांगते. शहरात जागोजागी ‘चामुला आणि सिनाकांतान, अर्धा दिवस’ अशा, जवळच्या दोन माया गावांच्या सहलींच्या पाट्या दिसतील. वेळ खरोखरच नसेल तर तीही चालेल, पण जमत असेल तर टाळा. अशा सहलीत चामुलाच्या देवळासाठी जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो, आणि ती जागा घाईने पाहण्यासारखी नाही. शुक्रवारी पोहोचा, शनिवार शहराला द्या, रविवार चामुलाला, सोमवार सिनाकांतानला आणि मंगळवार आमातेनांगोला. पुढे सगळं याच क्रमाने सांगितलंय.

जाण्याआधी: व्हिसा, हवा, पैसे

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा तिथला कायम रहिवासाचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम सगळ्यात सोयीचा. मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस असतो, पण तो बहुतेक वेळा दुपारनंतर येतो. सकाळ मोकळी मिळते आणि डोंगर हिरवेगार असतात. थंडीला मात्र हलकं घेऊ नका. महाबळेश्वरला नेता तेवढे कपडे इथे पुरणार नाहीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि बऱ्याच हॉटेलांत हीटर नसतो. खोली ठरवताना जाड पांघरूण किंवा शेकोटी आहे का, ते विचारा. लोकरीची टोपी, जाकीट आणि खाली चांगली पकड असलेले बूट हवेतच. शहरातल्या फुटपाथांवर गुळगुळीत फरश्या आहेत, पाऊस पडला की त्यांवरून पाय सटकतो.

गावांमध्ये कार्ड चालत नाही. शहरातल्या एटीएममधून पेसो काढून घ्या आणि २०, ५०, १०० च्या नोटा जपून ठेवा. ५०० ची नोट भाजीवालीपुढे धरली तर तिची पंचाईत होते.

सणांच्या तारखा जुळवता आल्या तर सोन्याहून पिवळं. २४ जूनला चामुलात सान हुआन या संताचा उत्सव असतो आणि १० ऑगस्टला सिनाकांतानमध्ये सान लोरेन्सोचा. फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्निवलला चामुलाची माणसं चौकात पेटत्या गवतावरून धावतात. १ नोव्हेंबरच्या आसपास मृतांचा सण येतो. तेव्हा रोमेरियो या वस्तीवरच्या स्मशानात उंचच उंच क्रूसांखाली कुटुंबंच्या कुटुंबं कबरींवर पाइनची पानं पसरून आपल्या माणसांसोबत दिवस घालवतात. या दिवसांत गर्दी प्रचंड असते, खोली बरीच आधी घेऊन ठेवा.

पोहोचणं

जवळचा मोठा विमानतळ तुश्त्ला गुत्येरेसचा. मेक्सिको सिटीहून तिथे दीड तासाचं विमान आहे. विमानतळावरून सान क्रिस्तोबालला बस आणि टॅक्सी मिळतात, घाटरस्त्याने सव्वा-दीड तास लागतो. तुश्त्ला खाली उकाड्यात आहे, त्यामुळे एवढ्या वेळात तुम्ही दीड हजार मीटरहून जास्त वर चढता. पहिल्या संध्याकाळी डोकं थोडं जड वाटलं तर घाबरू नका. भरपूर पाणी प्या, हलकं जेवा, लवकर झोपा. पाणी बाटलीतलंच.

राहायला मुख्य चौकापासून चालत दहा मिनिटांच्या आत जागा बघा. जुनी घरं आतल्या अंगणाभोवती बांधलेली असतात आणि त्यांतली कित्येक आता पाहुण्यांसाठी उघडली आहेत. रस्त्याकडेची खोली नको म्हणून सांगा, कारण रात्री उशिरापर्यंत फटाके आणि बँड वाजत असतात.

शनिवार: शहर, आणि गावांची तयारी

गावांत जाण्याआधी शहरात एक दिवस घालवा, कारण पुढच्या तीन दिवसांत जे दिसेल त्याचं मूळ इथे कळतं.

सकाळी आधी मुख्य बाजार गाठा, होसे कास्तियो तिएलेमान्स नावाचा. भोवतालच्या गावांतून पहाटे आलेल्या बायका टोमॅटो, मिरच्या, निळा मका, घेवड्याच्या नाना जाती, अळंबी मांडून बसलेल्या असतात. मिरची आणि टोमॅटो या आपल्या स्वयंपाकघरात मुरलेल्या गोष्टी मूळच्या याच खंडातल्या, पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेल्या. इथे सुक्या मिरचीच्या ढिगांसमोर उभं राहिलं की हलवत नाही. कोणत्या बाईने कोणता पोशाख घातलाय ते इथेच नीट बघून ठेवा. काळा, केसाळ लोकरीचा घागरा म्हणजे चामुला. जांभळ्या-निळ्या शालीवर फुलांचं दाट भरतकाम म्हणजे सिनाकांतान. गाव कुठलं, ते कपड्यांवरून ओळखता येतं.

तिथून सांतो दोमिंगो चर्चकडे चालत या. गुलाबीसर दगडी दर्शनी भिंतीवर पिळाचे खांब, संत आणि वेली इतक्या दाटीने कोरल्यात की ऊन कलतं तसे नवे आकार दिसू लागतात. चर्चच्या आवारात शहराचे संस्थापक दिएगो दे मासारिएगोस यांचा पुतळा होता. १२ ऑक्टोबर १९९२ ला, कोलंबसच्या आगमनाला पाचशे वर्षं झाली त्या दिवशी, गावांमधून आलेल्या हजारो मोर्चेकऱ्यांनी तो पाडला. सव्वा वर्षाने, १ जानेवारी १९९४ च्या पहाटे, सापातिस्ता म्हणवणाऱ्या माया गावांतल्या सशस्त्र बंडखोरांनी हे शहर ताब्यात घेतलं. अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार त्याच दिवशी अमलात आला होता. जमीन, मका आणि मान या तिन्ही गोष्टींची भांडणं त्यामागे होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावाकडच्या माणसांना या शहरात फुटपाथवरून चालू देत नसत, समोरून कोणी गोरा आला की त्यांनी रस्त्यावर उतरायचं, असं जुनी माणसं सांगतात.

शहराच्या नावातले ‘लास कासास’ म्हणजे बार्तोलोमे दे लास कासास, १५४५ मध्ये इथे आलेले, डॉमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचे बिशप. मूळ रहिवाशांना गुलाम करून ठेवणाऱ्यांना त्यांनी पापक्षमा नाकारली. तेव्हा शहरातल्या स्पॅनिशांनी त्यांना इथे टिकू दिलं नाही. त्याच परंपरेतले बिशप सामुएल रुईस १९६० पासून चाळीस वर्षं इथे होते. त्यांची समाधी पिवळ्या रंगाच्या कॅथेड्रलमध्ये आहे आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथे जाऊन प्रार्थना केली.

दुपारी दोन जागा बघा. सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातलं माया वस्त्रांचं संग्रहालय चुकवू नका. तिथेच स्ना होलोबिल या विणकर स्त्रियांच्या सहकारी संस्थेचं दुकान आहे. दुसरी जागा ना बोलोम. डॅनिश पुरातत्त्वज्ञ फ्रान्स ब्लोम आणि त्यांच्या स्विस पत्नी, छायाचित्रकार गेरट्रूड दुबी ब्लोम, यांचं हे घर. लाकांदोन जंगलातल्या माणसांची तिने दशकानुदशकं काढलेली छायाचित्रं तिथे आहेत. पुढच्या दिवसासाठी आणखी उपयोगी पडेल ते माया औषधांचं छोटं संग्रहालय. नाडी बघून उपचार करणारे, जडीबुटी जाणणारे, सुईणी, असे प्रत्येक प्रकारचे वैद्य काय करतात ते तिथे मांडलंय. चामुलाच्या देवळात उद्या जे दिसेल, त्याची निम्मी उकल इथे होते.

रविवार: सान हुआन चामुला

चामुला शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे. मुख्य बाजाराजवळून सामायिक व्हॅन सुटतात; भरली की निघते, अर्ध्या तासात पोहोचवते. माझा सल्ला मात्र असा, की चामुलासाठी त्सोत्सिल बोलणारा किंवा गावात ओळखी असलेला वाटाड्या घ्या. हॉटेलवर विचारलंत की चौकातून सकाळी निघणाऱ्या लहान गटांची माहिती मिळते. साडेनऊ-दहापर्यंत गावात असा. रविवारी बाजार भरतो आणि गावाचे मानकरी, पांढरे किंवा काळे लोकरी अंगरखे घालून, रुंद रिबिनी लावलेल्या टोप्या आणि हातात दंड घेऊन कचेरीसमोरच्या बाकांवर बसतात. भांडणतंटे त्यांच्यापुढे येतात. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, लांबून झूम करूनही नाहीत.

गावचा कारभार आणि देवाचा कारभार इथे एकात एक गुंतलाय. प्रत्येक संताची सेवा एक कुटुंब वर्षभर आपल्या घरी करतं. मेणबत्त्या, फुलं, धूप, संगीत, जेवणावळी, सगळा खर्च त्या घराचा. कित्येक जण या मानासाठी वर्षानुवर्षं वाट पाहतात आणि पैसे साठवतात. १९७० च्या दशकापासून याच व्यवस्थेशी फारकत घेतलेल्या हजारो प्रोटेस्टंट कुटुंबांना गावातून हाकलून देण्यात आलं. शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्या त्यांच्याच आहेत. परंपरेचं कौतुक करताना हेही ठाऊक असलेलं बरं.

देवळात जाण्याआधी चौकातल्या पर्यटन कचेरीतून तिकीट घ्या. रक्कम फार नसते, पण ते दारावर तपासतात. फोन आणि कॅमेरा पिशवीच्या तळाशी ठेवा, हातात नको. आत फोटो काढणाऱ्याचा फोन काढून घेतात, दंड होतो, प्रसंगी कोठडीही दाखवतात. टोपी काढा.

दार ओलांडलं की डोळे सरावायला मिनिटभर लागतं. आत बाक नाहीत. फरशीवर पाइनची हिरवी पानं अंथरलेली असतात आणि कोपाल नावाच्या राळेचा धूर वर छपरापर्यंत साचलेला असतो. भिंतींच्या कडेने काचेच्या पेट्यांत संत उभे, अनेकांच्या गळ्यात आरसे. एखादं कुटुंब येतं, पानं बाजूला सारून फरशीचा चौकोन मोकळा करतं. पुरुष मेणबत्तीचं बूड ज्योतीवर धरून मऊ करतो आणि फरशीवर चिकटवतो. मागे उंच, पुढे बुटक्या, अशा ओळी लागत जातात. मग वैद्यबाई आजारी माणसाचं मनगट धरून नाडी बघते आणि एका लयीत, खालच्या आवाजात प्रार्थना सुरू करते. कधी ती रुसते, कधी संताला खडसावते, कधी रडते. पॉश नावाच्या घरगुती दारूचे घोट आणि कोलाच्या बाटल्या फिरतात. ढेकर आली की आतली पीडा बाहेर पडली, असं मानतात. अंडं किंवा जिवंत कोंबडी आजाऱ्याच्या अंगावरून उतरवतात आणि काही वेळा तिथेच कोंबडीची मान मुरगळतात. आपल्याकडे ग्रामदेवतेला कोंबडं दिलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना यात फार नवल वाटणार नाही. ज्यांना बघवणार नाही त्यांनी आवाज न करता बाहेर यावं. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना आधी समजावून ठेवा.

आत असताना भिंतीच्या कडेने हळू चाला. पानांवरून पाय घसरतो आणि आजूबाजूला शेकडो ज्योती असतात. ओढणी, शाल, लांब स्कर्ट सावरून धरा. प्रार्थना करणाऱ्याच्या आणि मेणबत्त्यांच्या मधून जाऊ नका, कुणाच्या पुढ्यात उभं राहून बघत बसू नका. वाटाड्याला जे विचारायचं ते बाहेर आल्यावर विचारा. समोर बसलेली आई तापलेल्या लेकरासाठी आलेली असते, तिच्या त्या तासात आपण तिऱ्हाईत म्हणून शिरलेलो असतो. फोटोबंदीचं एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

बाहेर आल्यावर बाजारात फिरा, मग चालत सान सेबास्तियान या जुन्या, पडक्या चर्चपर्यंत जा. भोवती स्मशान आहे आणि कबरींवरच्या क्रूसांचे रंग मृताच्या वयाप्रमाणे वेगळे असतात. वाटेत मेंढ्या दिसतील. चामुलात मेंढी कापत नाहीत. ती सान हुआनची. तिच्या लोकरीवर बायकांचा काळा घागरा आणि पुरुषांचा अंगरखा चालतो. ‘कोलावाल’ हा त्सोत्सिल भाषेतला धन्यवाद. तो एक शब्द म्हटलात की समोरच्या चेहऱ्यावरचा ताठपणा उतरतो.

सोमवार: सिनाकांतान

मेक्सिकोत सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून हा दिवस गावासाठी ठेवलाय. सिनाकांतानही तितकंच जवळ, व्हॅनही तिथूनच. डोंगरउतारांवर प्लास्टिकचे हरितगृह चमकताना दिसतील. फुलशेती हा इथला मोठा धंदा. कपड्यांवरही फुलंच. पूर्वी इथल्या विणकामात लाल-पांढऱ्या बारीक रेघा असत, आता मशीनवर भरलेली मोठमोठी फुलं आणि दरवर्षी बदलणारे रंग आहेत. मशीन आलं म्हणून अस्सलपणा गेला, असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. गावातल्या मुली मागच्या वर्षीच्या रंगाला नाकं मुरडतात. ही त्यांची चालती-बोलती फॅशन आहे.

व्हॅनमधून उतरलात की कुणी तरी मुलगी ‘आमच्याकडे विणकाम बघा’ म्हणून बोलावेल. जरूर जा. अंगणात कमरेचा माग असतो: एक टोक खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरपट्ट्याला, आणि ताण तिने स्वतःच्या अंगाने पुढे-मागे झुकून द्यायचा. मग स्वयंपाकघरात नेऊन चुलीवरच्या मातीच्या तव्यावरून गरम मक्याची तोर्तिया हातावर ठेवतात, वर भोपळ्याच्या बियांची पूड, घेवडा, चटणी. याचे पैसे कुणी तोंडाने मागणार नाही. थोडं विणकाम विकत घ्या किंवा डब्यात नोट टाका. सान लोरेन्सो चर्चमध्येही फोटो नाहीत.

मंगळवार: आमातेनांगो, नाही तर तेनेहापा

कोमितानच्या रस्त्यावर सदतीस-एक किलोमीटरवर आमातेनांगो देल बाये हे त्सेल्ताल कुंभारणींचं गाव. चाक नाही, भट्टी नाही. बाई गुडघे टेकून हाताने भांडं उभं करते, उन्हात वाळवते, रंगीत मातीचा हात देते, आणि मग अंगणात भांड्यांभोवती लाकडं रचून उघड्यावरच भाजते. कबुतरं आणि जग्वार प्रसिद्ध आहेत. मोठा जग्वार विमानातून नेणं अवघड, मुठीएवढं कबुतर कपड्यांत गुंडाळून सुखरूप येतं.

मुक्काम गुरुवारपर्यंत लांबला तर तेनेहापाचा आठवडी बाजार गाठा. पर्यटक कमी आणि अंगरख्यांवरची वीण अप्रतिम.

खरेदी

हाताने विणलेली उईपिल, म्हणजे बायकांचा सदरा, बनवायला कित्येक महिने लागू शकतात. किंमत हजारोंत सांगितली तर ती रास्तच असते, निम्म्यावर आणायचा प्रयत्न करू नका. कमरेच्या मागावरचं कापड ओळखायचं तर कडा बघा: चारही बाजूंना विणलेली पक्की किनार असते, कुठेही कापलेली कड नसते. रस्त्यावर स्वस्तात मिळणारा माल बराचसा कारखान्यातला किंवा ग्वातेमालाचा असतो. सिमोहोवेलच्या खाणींतल्या अंबरच्या (झाडाच्या चिकाचे दगडासारखे झालेले खडे) नावाखाली काच आणि प्लास्टिकही खपवतात. खरं अंबर हाताला गार लागत नाही, वजनाला हलकं असतं आणि दाट मिठाच्या पाण्यात तरंगतं. महागाचा खडा घ्यायचा तर दुकानदाराला अतिनील दिवा लावून दाखवायला सांगा, अंबर निळसर उजळतं.

शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहणार नाही, पण विचारत राहावं लागेल. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, ‘सिन पोयो’ म्हणजे कोंबडी नको. नुसतं मांस नको म्हटलं तर कोंबडी ताटात येऊ शकते. घेवड्यात आणि तामालांत (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) डुकराची चरबी असू शकते, त्यासाठी ‘सिन मांतेका’. चिपिलीन नावाच्या पाल्याचं मक्याच्या गोळ्यांसहित सूप मिळतं, फक्त रस्सा कोंबडीचा नाही ना ते विचारा. मका, कोको आणि आचियोटे या लाल रंगाच्या बियांचं लालसर थंडगार तास्कालाते पिऊन बघाच. कॉफी याच डोंगरांतली आहे, सकाळी भरपूर प्या.

सुरक्षितता आणि परतीची वाट

गेल्या काही वर्षांत चियापासच्या काही भागांत, विशेषतः ग्वातेमालाच्या सीमेकडे, टोळ्यांचा हिंसाचार वाढलाय. वर सांगितलेल्या ठिकाणी पर्यटक रोज जातात, तरी दोन पथ्यं पाळा. शहराबाहेरचा सगळा प्रवास उजेडात करा, आणि निघण्याच्या दिवशी सकाळी यजमानांना रस्ता मोकळा आहे का विचारा. गावकरी मागण्यांसाठी रस्ता अडवतात तेव्हा गाडी मुकाट्याने मागे फिरवायची, हुज्जत नाही, चित्रीकरण नाही. पालेंकेच्या प्राचीन माया अवशेषांकडे जायचं असेल तर ओकोसिंगोचा डोंगररस्ता स्वतः गाडी चालवत घेऊ नका; लांबून जाणारी बस बरी. ओवेंतिकसारख्या सापातिस्ता वस्त्यांमध्ये आगंतुक जाण्याचा विचारही नको.

परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तर पहाटे निघून आधी चियापा दे कोर्सोला उतरा. ते विमानतळाच्याच दिशेला आहे. तिथून सुमिदेरो दरीत नावा जातात, दोन-अडीच तासांची फेरी. कड्यांची उंची काही ठिकाणी हजार मीटरच्या घरात आहे आणि काठावर मगरी पहुडलेल्या असतात. सामान धक्क्यावर सांभाळायला देण्याची सोय आहे का, ते टॅक्सी सोडण्याआधी विचारून घ्या.